बार्तीमी सदनाची माउली : पंडिता रमाबाई

वाचकहो, यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आपण शब्बाथशाळेत ऐकलेली आहे. शुभवर्तमानांत प्रभूने बरे केलेल्या कितीतरी आंधळ्या-पांगळ्यांचा उल्लेख येतो. पण त्यांतील बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. मार्काने मात्र या एकाचे नाव त्याच्या बापाच्या नावासह जपून ठेवले आहे. तो तीमयाचा मुलगा बार्तीमय. गर्दीने त्याला गप्प बसावयास सांगितले. प्रभूने त्याला जवळ बोलावले आणि त्याला काय हवे आहे, हे त्यालाच विचारले.

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे एक गाव आहे. तेथील मुक्ती मिशनच्या आवारात अंध स्त्रियांसाठी जे घर उभे राहिले, त्याला याच भिकाऱ्याच्या नावावरून बार्तीमी सदन असे नाव देण्यात आले. ते घर उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आपणांस संस्कृत विदुषी म्हणून, विधवांच्या कैवारी म्हणून आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून परिचित आहेत. शाळेच्या पुस्तकांतूनही त्यांची हीच ओळख होते. आंधळ्या, म्हाताऱ्या, दुबळ्या आणि मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांचे एवढे मोठे एकत्र घर त्यांनी कसे चालविले, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. आज आपण त्यांच्या जीवनाचा हाच भाग पाहणार आहोत. कारण आपल्या प्रत्येक मंडळीत असे एखादे कुटुंब असते, ज्यातील आईबापांना रात्री झोप येत नाही. आपण गेल्यावर आपल्या अपंग लेकराचे काय होणार, हा प्रश्न त्यांना छळत असतो. त्या प्रश्नाचा विचार करताना रमाबाईंचे चरित्र आपल्या उपयोगी पडेल.

अंध पित्याची कन्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रीने संस्कृत शिकावे, ही त्या काळी न रुचणारी गोष्ट त्यांनी केली. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकविले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या कन्येस शिकविले. घरची मिळकत संपल्यावर हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमागून तीर्थक्षेत्रे करीत, पुराणे सांगत पायी हिंडू लागले. त्या भ्रमंतीतच दुष्काळाने त्यांना गाठले.

अनंतशास्त्री आता वृद्ध झाले होते आणि त्यांची दृष्टी गेली होती. घर नाही, गणगोत नाही, धान्य नाही आणि सोबत एक अंध वृद्ध, अशा स्थितीत त्या कुटुंबाने ते दिवस काढले. उपासमारीने वडील गेले. थोड्याच महिन्यांत आई गेली आणि थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण मदतीस आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी असल्यामुळे त्यांना आईची तिरडी डोक्यावर धरावी लागली.

वाचकहो, हा प्रसंग आपण लक्षात ठेवावा. मदतीचा हात न मिळणे म्हणजे काय, हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. दुबळे माणूस जवळ असेल तर सगळ्या घराचीच शक्ती कशी खचते आणि शेजारी दूर कसे होतात, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते.

बहीणभाऊ पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची संस्कृतावरील प्रभुता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा जातिबंधन मोडून विवाह झाला. १८८१ च्या एप्रिल महिन्यात मनोरमा जन्मास आली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे मागणे मांडले.

बंद झालेले दार

ज्या गोष्टीची त्यांनी आयोगापुढे मागणी केली, ती स्वतः करून दाखवावी, म्हणजे वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकीचे दार मात्र त्यांना उघडले नाही, कारण त्यांना ऐकू येणे कमी होत चालले होते. वाढत्या बहिरेपणामुळे त्यांना डॉक्टर होता आले नाही.

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल. ज्या स्त्रीच्या वक्तृत्वाने कलकत्ता आणि पुणे भारावून गेले होते, ती स्वतः कानांनी अधू होत होती. पुढे हजारो लोकांशी संबंध येणारी संस्था त्यांनी चालविली, ती या अडचणीसह. त्यांना अपंग म्हणून कोणी ओळखीत नाही. त्यांचे नाव त्यांच्या कामामुळे राहिले. हाच न्याय त्यांनी पुढे आपल्या घरातील बायकांना लावला. कोणाला काय करता येत नाही, याची त्यांना चांगली कल्पना होती; पण तेथेच न थांबता काय करता येते, याचा त्या शोध घेत.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील आपले एक घर पाहावयास पाठविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जात असे. अशा स्त्रियांना हाकलून न देता प्रेमाने सांभाळणारे लोक असतात, हे पाहून त्या विचारात पडल्या. या दयेचा उगम कोठे आहे, याचा शोध घेताना शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यासमोर आली. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. तेथे त्यांनी बालोद्यानाची फ्रबेलप्रणीत शिक्षणपद्धती आत्मसात केली. मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि स्पर्शाला काम देऊन त्यास शिकविणे हे त्या पद्धतीचे सूत्र. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी १८८७ साली एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले.

शारदा सदन ते मुक्ती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती. येथे आपल्याला एवढेच पाहावयाचे आहे, की दुसऱ्याच्या मर्जीवर उभे असलेले घर किती लवकर ओस पडू शकते, याचा अनुभव रमाबाईंना आला. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी केडगावला जमीन विकत घेतली. विहिरी खणल्या, झाडे लावली. बाहेरची मदत आटली तरी मुलींच्या तोंडात घास पडावा, हा त्यामागील व्यवहार होता.

त्या जमिनीची गरज अपेक्षेपेक्षा लवकर पडली. १८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः तेथे जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या. आपल्या आईवडिलांचा अंत त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे संकट आले. शहरात एवढ्या मुलींना ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. प्रथम तंबू आणि झोपड्या, नंतर पक्क्या इमारती. यातूनच मुक्ती सदन आकारास आले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्यावर तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली आणि गोठ्यात शंभरावर गुरे झाली.

वाचकहो, दुष्काळातून आलेल्या एवढ्या स्त्रिया आणि मुली म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. कोणाच्या अंगावर फोड, कोणाला हगवण, कोणाचे डोळे गेलेले. देवी आणि डोळ्यांचे आजार त्या काळी अनेकांची दृष्टी घेत असत. सत्त्वहीन अन्नामुळे लहान मुलांच्या डोळ्यांची बुबुळे खराब होऊन कायमचे अंधत्व येते, हे आजच्या वैद्यकाला ठाऊक आहे. सुदृढ आणि हुशार मुली निवडून घेऊन बाकीच्यांना परत पाठविणे कोणत्याही शाळेला सोपे गेले असते, आणि त्या शाळेचे निकालही चांगले लागले असते. रमाबाईंनी तसे केले नाही. ज्या आल्या, त्या सर्व त्यांच्या झाल्या. सर्वांना वाचविणे मात्र त्यांच्या हाती नव्हते. कित्येक मुली अशक्तपणाने आणि रोगाने दगावल्या.

एका छपराखाली अनेक घरे

गर्दी वाढली, तेव्हा रमाबाईंपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आजही अशी गृहे चालविणाऱ्या प्रत्येकापुढे असतो. हजार माणसांना एकाच वेळी जेवू घालता येते, पण हजार माणसांची आई कोणी कसे व्हावे? त्यांनी यावर दोन उपाय योजिले.

पहिला उपाय म्हणजे गरजेप्रमाणे वेगवेगळी सदने. शिक्षण घेणाऱ्यांसाठी शारदा सदन होतेच. ज्या स्त्रियांची फसवणूक झाली होती किंवा ज्यांना समाजाने बाहेर टाकले होते, त्यांच्यासाठी कृपा सदन. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन. मुलांसाठी सदानंद सदन. अंधांसाठी बार्तीमी सदन. या नावांकडे जरा लक्ष द्या. यांतील कोणत्याही नावात व्यंगाचा, वैधव्याचा किंवा कलंकाचा उल्लेख नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने त्या दारावरची पाटी वाचली असती, तर आत राहणाऱ्या स्त्रीला मान खाली घालण्याचे कारण नव्हते.

दुसरा उपाय म्हणजे गट. मुलींचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटावर एक जबाबदार स्त्री नेमलेली असे, आणि मोठ्या मुलींकडे लहानग्यांचा सांभाळ सोपविला जाई. जी काल स्वतः उपाशी अवस्थेत आली, ती आज दुसरीची वेणी घालू लागे. जिला आधार दिला, तिच्याकडून पुढे दुसरीला आधार मिळेल, अशी ही व्यवस्था होती. पगारी नोकरांच्या बळावर एवढे घर चालविणे अशक्यच होते. पण पैसा असता तरी त्याने हे साधले नसते.

आणि प्रत्येकीला काम होते. हातमाग, शिवणकाम, दळण, दूधदुभते, शेती, तेलाचा घाणा, धुलाई आणि छापखाना असे अनेक उद्योग मुक्तीत चालत. टाइप जुळविण्यापासून पाने बांधण्यापर्यंत छापखान्यातील कामे स्त्रियाच करीत. अंध स्त्रियांना टोपल्या विणण्यासारखी हातकामे शिकविली जात. काम हे शिक्षा म्हणून किंवा खर्च भरून काढण्यासाठी म्हणून नव्हते. ज्या घरात आपल्या हातचे काही तरी लागते, तेच घर आपले वाटते, एवढा साधा विचार त्यामागे होता.

बोटांनी वाचलेले शास्त्र

या सर्वांत एक त्रुटी राहिली होती. मुक्तीत प्रत्येक मुलीला वाचता यावे, असा रमाबाईंचा आग्रह. पण अंध मुलींनी काय करावे? दुसरीने वाचावे आणि त्यांनी ऐकावे, एवढेच त्यांच्या वाट्यास येई. ही उणीव मनोरमाबाईंनी भरून काढली. शिक्षणासाठी अमेरिकेत असताना त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि परत आल्यावर मुक्तीतील अंध मुलींना ती शिकविण्यास आरंभ केला.

ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल यांची. वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळताना आरी लागून त्यांची दृष्टी लहानपणीच गेली. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी सहा उंच ठिपक्यांची ही रचना सिद्ध केली. त्या सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट निरनिराळी चिन्हे होतात आणि ती बोटाच्या टोकाला कळतात. शिकलेली अंध मुलगी दुसऱ्या अंध मुलीला ही लिपी स्वतः शिकवू शकते, हा तिचा मोठा गुण.

आपल्या देशात अंधांच्या शिक्षणाची सुरुवात तेव्हा नुकतीच झाली होती. अमृतसर येथे १८८७ साली अ‍ॅनी शार्प यांनी पहिली शाळा काढली आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली अंधांची शाळा सुरू केली. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल पद्धती ठरण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तोवर प्रांतोप्रांती निरनिराळे प्रकार चालू होते. अशा त्या आरंभीच्या काळात केडगावच्या माळावर, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली बोटांनी शास्त्र वाचू लागल्या. दुसऱ्यांनी वाचून दाखवावे म्हणून थांबण्याची गरज आता त्यांना राहिली नाही.

रमाबाईंची शेवटची वर्षे याच ध्यासात गेली. खेड्यातील साध्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे, म्हणून त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि संपूर्ण शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. ते छापले गेले मुक्तीतच, तेथील स्त्रियांच्या हातांनी. अंध मुलीला लिपी मिळावी आणि अडाणी बाईला सोपी भाषा मिळावी, या दोन्ही इच्छा मुळात एकच होत्या. कोणालाही दाराबाहेर उभे राहावे लागू नये, अशी ती इच्छा होती.

तक्रार करणारी माउली

रमाबाईंच्या सेवेचे वर्णन करताना आपण त्यांच्या सोशिकपणाचे गोडवे गातो. पण जे आपल्या हाती सोपविले आहेत, त्यांच्यासाठी त्या भांडतही असत. १८९७ च्या प्लेगच्या वेळी त्यांच्या सदनातील एका मुलीला सरकारी प्लेग-इस्पितळात नेण्यात आले आणि ती पुन्हा परत आली नाही. तेव्हा रमाबाई गप्प बसल्या नाहीत. इस्पितळातील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर जाब विचारला. सरकारची नाराजी त्यांच्या कार्याला परवडणारी नव्हती, तरीही त्यांनी लिहिले. मोठ्या हिशेबात एक मुलगी कमी झाली, असे त्यांनी मानले नाही.

दुर्बलांचे गृह चालविणाऱ्यांसाठी हा फार मोठा धडा आहे. जे स्वतः तक्रार करू शकत नाहीत, त्यांना इजा होणे फार सोपे असते. बंद दारांमागे, चांगल्या माणसांच्या संस्थांतही ती होते. म्हणून अशा घरात प्रत्येकाची मोजदाद हवी, प्रत्येकाचे ऐकणारे कोणी हवे, आणि विचारणा करणारा माणूस त्या घराचा शत्रू मानला जाऊ नये.

मुक्तीतही सर्व काही निर्दोष होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. एवढ्या मोठ्या वस्तीला कडक शिस्त लागते आणि कडक शिस्तीत एकेकीची आवडनिवड मागे पडते. गावापासून दूर, आपल्याच आवारात जगणाऱ्या स्त्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध कमी राहतो. उपासमारीतून वाचविण्याची घाई असताना याहून वेगळे काही करणे कठीण होते. आज आपल्यापुढे ती घाई नाही, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

घर टिकले

वृद्धापकाळी रमाबाईंवर मोठा आघात झाला. आपल्यामागे मनोरमा हे कार्य पाहील, अशी त्यांची आशा होती. शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका म्हणून मनोरमाबाई तयारही झाल्या होत्या. परंतु जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई निवर्तल्या. रमाबाई शास्त्राची अखेरची मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

वाचकहो, सुरुवातीला ज्या आईबापांचा उल्लेख केला, त्यांच्या प्रश्नाकडे आता आपण परत येऊ. सांभाळणारा गेल्यावर काय? केडगावात सांभाळणारी गेली, आणि जिच्यावर पुढची भिस्त होती ती तिच्याही आधी गेली. तरीही अंध स्त्रियांची चूल विझली नाही. रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती, विहिरी खणल्या होत्या, गटांवर स्त्रिया नेमून त्यांना जबाबदारीची सवय लावली होती, छापखाना आणि गोठा चालविणारे हात तयार केले होते. सहकारी भगिनींनी काम पुढे नेले. पुढील काळात मुक्तीतील मुलींची छोटी छोटी कुटुंबे करून त्यांना फुलांची नावे देण्यात आली; प्रत्येक कुटुंबाला एक आई. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी केडगावचे मुक्ती मिशन निराधार व अपंग स्त्रियांचा सांभाळ करीत आहे. रमाबाईंच्या प्रेमाला व्यवस्थेची जोड होती, म्हणून ते त्यांच्यामागे उरले.

आपल्या हातातील काम

आज जगाचा विचार रमाबाईंच्या दुसऱ्या उपायाच्या, म्हणजे लहान गटाच्या, दिशेने गेला आहे. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा २००६ साली झाला आणि भारताने त्यास २००७ साली मान्यता दिली. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही अपंग व्यक्तीला समाजातच राहण्याचा हक्क मान्य केलेला आहे. मोठ्या आवारात शेकडो जणांना ठेवण्यापेक्षा, चारचौघांच्या वस्तीत, थोड्या जणांनी मिळून एका घरात राहावे आणि ज्याला जेवढा आधार लागेल तेवढाच द्यावा, असा हा विचार आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. प्रौढ अपंगांच्या सामूहिक निवासासाठी त्याने घरौंदा नावाची योजना आखली. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी नोंदली गेली. सरकारी योजना आणि थोड्या संस्था एवढ्यांना पुरणार नाहीत, हे सांगावयास नको.

मग आपण काय करावे? मोठी संस्था काढणे प्रत्येक मंडळीला शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु आपल्या मंडळीत अपंग लेकरे असलेली कुटुंबे किती आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्यांतील किती जण उपासनेला येत नाहीत, कारण पायऱ्या चढता येत नाहीत किंवा मुलगा मध्येच ओरडला तर लोक वळून पाहतात? त्या आईला महिन्यातून एक दिवस विश्रांती मिळावी, म्हणून दोन घरांनी तिच्या मुलीला आपल्याकडे ठेवून घेणे, ही सुरुवात होऊ शकते. पालकांनी हयातीतच कायदेशीर पालकत्वाची व मिळकतीची व्यवस्था करावी, यासाठी मंडळीतील वकिलाने दोन तास देणे, हीसुद्धा सेवाच आहे. तीन-चार कुटुंबांनी एकत्र येऊन, एक घर आणि एक विश्वासू सांभाळणारी पाहून, आपल्या प्रौढ मुलांना आपण जिवंत असतानाच तेथे राहण्याची सवय लावणे, हे त्यापुढचे पाऊल. आणि हे सर्व करताना त्या मुलाला किंवा मुलीला काय हवे आहे, हे तिला विचारणे. कोणाबरोबर राहावयाचे, काय खावयाचे, कोणते काम करावयाचे, याविषयी तिचेही काही मत असते. बोलता येत नसेल, तरी ते असते.

दाविदाने योनाथानाच्या लंगड्या मुलाला, मफीबोशेथाला, शोधून आणले आणि त्याला रोज आपल्या पंक्तीला बसविले. प्रभूने सांगितलेल्या मेजवानीत आंधळे आणि पांगळे यांना आग्रहाने आत आणले गेले. रमाबाईंनी ही वचने नुसती वाचली नाहीत. त्यांनी त्याप्रमाणे खोल्या बांधल्या, विहिरी खणल्या आणि माणसे नेमली.

केडगावला जाण्याचा योग आला तर आपण अवश्य जावे. परंतु त्याआधी येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्या शेजारच्या बाकाकडे पाहावे. तेथे कोण येत नाही, याचा विचार करावा आणि त्या घराचे दार ठोठवावे.